वरची खोली दरभंग्याच्या पोराला द्यावी का? आणि भाचीला ब्रॅम्प्टनमध्ये खोली का मिळेना?

शहापूरकर_काका
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबलाय, सवडीनं वाचा.

बेळगावच्या शहापुरात आमचं जुनं घर. वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. तिथं सात वर्षं राहिलेले एक शिक्षक बदली होऊन गोकाकला गेले. पाटी लावली, चौथ्या दिवशी एक जण आला. बिहारमधल्या दरभंग्याकडचा, वय पंचविशीचं, उद्यमबागेत फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला. बेळगावात पाच वर्षं झाली म्हणाला. बायको आणि दीड वर्षाची मुलगी. मराठी मोडकी, पण मध्येच हिंदीत घसरला की स्वतःच सावरून परत मराठीत यायचा. भाड्यात घासाघीस केली नाही. मी ‘बघून सांगतो’ म्हणालो.

संध्याकाळी गल्लीतले तिघे चहाला आले. चहा निमित्ताला. ‘काका, एकाला दिलासा की महिन्यात दहा होतात. एका खोलीत आठ झोपतात.’ मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, माझ्याही पोटात तेच होतं.

आता दुसरं. माझी भाची २०२२ पासून कॅनडात आहे, ब्रॅम्प्टनला. शिकायला गेली, आता नोकरी करते, एका तळघरात राहते. रविवारी फोन असतो. पहिलं वर्ष सगळं गोड होतं. आता बसमध्ये लोक पुटपुटतात म्हणते. खोली शोधायला लागली तर एकानं फोनवर गाव विचारलं, ‘विद्यार्थी नकोत’ म्हणून ठेवून दिला. ती विद्यार्थी राहिलेली नाही, ते ऐकूनही घेतलं नाही. आणि घरमालक कोण? आपल्याच देशातला, वीस वर्षांपूर्वी तिकडे गेलेला.

मी तिच्यासमोर त्या घरमालकाला भरपूर शिव्या दिल्या. फोन ठेवला आणि वर बघितलं तर वरच्या खोलीला कुलूप.

मग शोधत बसलो. गॅलप संस्थेनं २०१६ मध्ये जगभर तीन प्रश्न विचारले होते. बाहेरून आलेले लोक तुमच्या देशात राहतात हे चांगलं की वाईट? ते शेजारी राहायला आले तर? आणि तुमच्या जवळच्या नात्यातल्या कुणी त्यांच्याशी लग्न केलं तर? उत्तरांना गुण, जास्तीत जास्त ९. आइसलँडला ८.२६, न्यूझीलंडला ८.२५, त्यांच्यामागे रवांडा आणि कॅनडा. तळाला मॅसेडोनिया, १.४७. त्याच्या जरा वर माँटेनेग्रो आणि हंगेरी. २०१९ मध्ये परत विचारलं तेव्हा कॅनडा पहिला आला, ८.४६. म्हणजे माझी भाची जगात पहिल्या आलेल्या वर्गात बसलेली आहे, आणि तिला बाक मिळेना.

(रवांडा वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. १९९४ च्या कत्तलीआधी आणि नंतर तिथले लाखो लोक स्वतःच शेजारच्या देशांत निर्वासित होते. त्यामुळे असेल का?)

तेच तीन प्रश्न मी स्वतःला घातले. बिहारी पोरगा बेळगावात राहतो: राहू दे की, नाहीतर फाउंड्रीत लोखंड कोण ओतणार? शेजारी आला तर: इथं मी कप खाली ठेवला. तिसरा प्रश्न बायकोसमोर मोठ्यानं वाचला, तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

बाहेर राहिलेल्यांनी अनुभव सांगा. सीमाप्रश्न इथं काढू नका, त्याचे धागे वेगळे आहेत.

उद्यमबाग_लेथ
रविवार, रात्री १०:१५

काका, माझं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांकडं रोजचं जाणं. खरं सांगतो. मोल्डिंग, फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करणं) ही कामं आमची पोरं करत नाहीत. वाळू, भट्टीची धग, दिवसभर ग्राइंडरची धूळ. आमची पोरं गोव्याला, पुण्याला जाऊलालेत, नाहीतर दुबईला. त्यांच्या जागी बिहार, यूपी, ओडिशा.

लोक म्हणतात हे स्वस्तात करतात म्हणून आमच्या पोरांना काम नाही. स्वस्त पडत नाहीत असं मी म्हणणार नाही. खरं त्याहून मोठं कारण म्हणजे तो माणूस इथं एकटा असतो. त्याला बारसं नाही, जत्रा नाही, गल्लीचा गणपती नाही. रविवारी बोलावलं तरी येतो. मग छटपूजेला जातो तो महिनाभर फोनच उचलत नाही, तेव्हा कळतं मालकाला.

बाकी द्या खोली. आठ जण झोपतात ते शौक म्हणून नाही, एका-दोघांना कुणी देत नाही म्हणून आठ जण मिळून एक घेतात.

चोर्लाघाट
रविवार, रात्री ११:०२

मी जांबोटीचा. म्हापशात सेंट्रिंगची कामं घेतो, चौदा वर्षं झाली. गोव्यात मला काय म्हणतात सांगू? घाटी.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कळलंच नाही शिवी आहे म्हणून. घाटावरचा म्हणजे घाटी, बरोबरच आहे की, वाटलं. मग बसमध्ये एका बाईनं पर्स दुसऱ्या खांद्याला घेतली तेव्हा कळलं.

गंमत बघा. माझ्या टोळीत बागलकोटची चार पोरं आहेत, कन्नड. बेळगावात आलो की मी मराठी आणि ते कन्नड, एक नोव्हेंबरला त्यांचा राज्योत्सव, आमचा काळा दिवस, एकमेकांकडं बघायचं नाही. घाट उतरला की सगळे एका पाटीत. तिथल्या माणसाला माझी मराठी आणि त्याची कन्नड यात काडीचा फरक वाटत नाही. मी एकदा समजवायला गेलो, ‘आम्ही मराठी, तुमच्या शेजारचे’, तर तो म्हणाला, ‘होय होय, घाटी.’

भाजी मात्र बेळगावची पाहिजे. चोर्ल्याचा रस्ता दोन दिवस बंद पडला की तिकडं टोमॅटोचा भाव विचारा.

त्यांचीही भीती कळते हो मला. पंधरा-सोळा लाख वस्तीचं राज्य, चार पावलं टाकली की बाहेरचा माणूस. आणि त्यांची स्वतःची पोरं? १९६१ च्या आधी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, ते घेऊन इंग्लंडात स्विंडनला गेलेली. माझ्या मालकाचे दोन्ही मुलगे तिथं गोदामात काम करतात. घर बांधतोय तो इथं मोठं, बांधतोय कोण? घाटी. राहणार कोण, देव जाणे.

कॅम्पातला_बाळू
सोमवार, पहाटे ४:३० (इकडे संध्याकाळ)

काका, मी कॅनडात एकोणीस वर्षं आहे, त्यामुळे भाचीच्या बाजूनं आणि त्या घरमालकाच्या बाजूनं, दोन्हीकडून सांगू शकतो.

तुमचे गॅलपचे आकडे खरे, पण शिळे. इथं एन्व्हायरॉनिक्स नावाची संस्था दरवर्षी विचारते, ‘कॅनडात फार जास्त लोक येतायत का?’ २०२२ मध्ये २७ टक्के ‘हो’ म्हणाले. २०२३ मध्ये ४४. २०२४ मध्ये ५८. दोन वर्षांत दुपटीहून जास्त. माणसांचा स्वभाव दोन वर्षांत बदलत नाही. बदललं ते घरभाडं. २०२३ या एका वर्षात देशाची लोकसंख्या ३.२ टक्के वाढली, १९५७ नंतर इतकी कधी वाढली नव्हती. घरं तेवढीच. कॉलेजांनी परदेशी मुलांच्या तिप्पट फीवर इमारती उठवल्या, मुलं राहणार कुठं ते कुणी बघितलं नाही. एका तळघरात सहा-सहा गाद्या. शेवटी सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली आणि ऑक्टोबरात कायम वास्तव्य किती जणांना द्यायचं ते उद्दिष्टही वर्षाला ४,८५,००० वरून २०२५ साठी ३,९५,००० वर आणलं.

आता माझं पाप. मला विचारलं असतं तर मीही त्या ५८ मध्येच असतो. ‘फार लोक येतायत’ आणि ‘आलेले लोक वाईट आहेत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, असं मी स्वतःला सांगतो. पण बसमध्ये पुटपुटणाऱ्याला तो फरक कळत नाही. तो माझ्याकडं बघूनही तेच पुटपुटतो. माझा पासपोर्ट कपाळावर थोडाच लावलाय.

मिरज_पॅसेंजर
सोमवार, सकाळी ७:१०

बाळूदादा, राग मानू नका. जनरलच्या डब्यात दारात लोंबकळणारा ‘सरका, सरका, आत भरपूर जागा आहे’ म्हणतो. आत शिरला की पुढच्या स्टेशनला तोच दार आतून धरून उभा.

कॅम्पातला_बाळू
सोमवार, सकाळी ७:३२

मानला नाही. खरंच आहे.

खानापूरकरीण
सोमवार, दुपारी १:२०

मी आखातात आठ वर्षं नर्स होते. तिथं तुमचे तीन प्रश्न कुणी विचारायच्या भानगडीत पडत नाही. कतार किंवा अमिरातीत दहातले जवळपास नऊ जण बाहेरचे. देश आम्हीच चालवायचा, पण नागरिकत्व नाही, कितीही वर्षं राहा. नोकरी गेली की व्हिसा गेला. कफाला म्हणतात त्याला, तुम्हाला आणणारा मालक हाच तुमचा तिथला जामीन. माझ्या मैत्रिणीचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता. कायद्यानं ठेवता येत नाही, तरी होता.

आठ वर्षांत मला तिथल्या एकाही बाईनं वाईट शब्द वापरला नाही. आठ वर्षांत एकीनंही घरी बोलावलं नाही. आम्ही परत जाणार हे दोघींनाही पक्कं माहीत होतं, त्यामुळे रागावायचं कारणच नाही. आपल्याकडं मुंडगोडचे तिबेटी थंडीत स्वेटर घेऊन येतात ना, कुणी कधी त्यांना ‘चालते व्हा’ म्हणालंय? संक्रांत झाली की ते आपणहून जातात.

आता न जाणाऱ्यांचं सांगते. आमच्या तालुक्यात जंगलपट्टीत सिद्दी आहेत, पलीकडं हल्याळ-यल्लापूरला जास्त. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांचे वंशज, काही घाट चढून पळून आलेले. म्हणजे आपल्यातली निम्मी अर्धी घराणी शहापूर-वडगावात यायच्या आधीपासून ते इथं असतील. माझ्याबरोबर शाळेत एक सिद्दी मुलगी होती. मराठी माझ्याइतकीच चांगली, कन्नड माझ्याहून चांगली. परवा बसमध्ये भेटली. कंडक्टरनं तिला हिंदीत विचारलं, ‘कहां से आये हो?’ ती म्हणाली, ‘खानापूर, अर्धं तिकीट पोरीचं.’ तो परत म्हणाला, ‘नहीं, असली में?’

मास्तर_निवृत्त
सोमवार, रात्री ८:४५

खानापूरकरीण ताई, हा ‘असली में’ फार जुना प्रश्न आहे. त्याचं सगळ्यात भयंकर उत्तर दक्षिण आफ्रिकेत मिळालं. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या वस्त्यांत झिम्बाब्वे, मोझांबिकहून आलेल्यांवर हल्ले सुरू झाले, ६२ माणसं मेली. परका कोण हे ओळखायला जमाव माणसाला थांबवून कोपराला झुलू भाषेत काय म्हणतात ते विचारायचा. शब्द आला नाही की संपलं. मेलेल्यांत २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक निघाले. दुसऱ्या भाषेचे, दूरच्या प्रांतातले.

कोपराला शेजारच्या भाषेत काय म्हणतात, हे आपल्यातल्या किती जणांना येतं?

दुसरी गोष्ट जरा बरी आहे. १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. बहुतेक गुजराती. २७-२८ हजार ब्रिटनला गेले. तेव्हा लेस्टर शहराच्या नगरपालिकेनं काय केलं? युगांडातल्या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली: शाळा भरल्या, घरं नाहीत, कृपा करून आमच्याकडं येऊ नका. लोक तरी गेले. काही म्हणतात, जाहिरातीमुळेच शहराचं नाव कळलं. त्यांनी बंद पडलेल्या गिरण्यांच्या गल्ल्यांत दुकानं काढली, आणि आज भारताबाहेरच्या मोठ्या दिवाळ्यांत लेस्टरच्या दिवाळीचं नाव घेतात. बेलग्रेव्ह रोडवर दिवे लावायला तीच नगरपालिका असते.

आणि युगांडा? ज्यानं हाकललं तोच देश आज पंधरा लाखांहून जास्त निर्वासित सांभाळतो, बहुतेक दक्षिण सुदान-काँगोतले. त्यांना छावणीत कोंडत नाही, काम करायची मुभा देतो, कसायला जमिनीचा तुकडा देतो. एकाच देशाचे हे दोन चेहरे, मध्ये फक्त पन्नास वर्षं. म्हणून कुठल्या देशाचे लोक चांगले आणि कुठले वाईट, अशी यादी मला पटत नाही काका.

आकडेमोड
सोमवार, रात्री ९:३०

मास्तर, गोष्टी छान आहेत, पण एक नियम दिसतोच. जिथं परके कमी तिथं भीती जास्त. हंगेरीत बाहेरचे अगदी थोडे, गुण १.६९. पूर्व जर्मनीत परदेशी पश्चिमेपेक्षा कितीतरी कमी, आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा एएफडी पक्ष बर्लिन सोडून पूर्वेच्या सगळ्या राज्यांत पहिला. ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडायला, लंडननं नकार दिला, जिथं सगळं जग राहतं. ज्यानं बघितला नाही तोच घाबरतो. भूत बघितलेला माणूस भेटला आहे का कधी?

मास्तर_निवृत्त
सोमवार, रात्री ९:५८

मग बॉस्टनचं काय करता? अमेरिकेतलं नव्हे, इंग्लंडातलं, लिंकनशायरमधलं. कोबी-फ्लॉवरचं गाव. तिथं पोलंड, लिथुएनियाहून शेतमजूर आले. चांगले बघितलेले, रोज दुकानात भेटणारे. आणि २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या बाजूनं सगळ्या देशात जास्त मतं त्याच गावात पडली, ७५.६ टक्के.

आकडेमोड
सोमवार, रात्री १०:२०

हं. बॉस्टन माझ्या नियमात बसत नाही, मान्य.

पण बघा, बॉस्टनमध्ये बाहेरचे एकूण किती, यापेक्षा किती लवकर आले हे महत्त्वाचं असेल. २००१ ला जवळजवळ कुणी नव्हतं, दहा वर्षांत गल्लीच्या गल्ली बदलली. लंडन शे-दीडशे वर्षं बदलतंय. बाळूदादांच्या कॅनडातही तेच, २०२३ चा वेग. जास्त मिठाची आमटी माणूस खातो, पण एकदम मूठभर पडलेलं दिसलं की ताट सरकवतो.

निपाणी_फड
मंगळवार, सकाळी ६:०५

सगळे परदेशात फिरूलालेत. मी निपाणीचा, ऊस उत्पादक. आमच्याकडं दिवाळी झाली की बीडहून टोळ्या येतात. मुकादमानं उचल दिलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाच्या कडेला पालं टाकतात, मार्चपर्यंत.

भाषा मराठी. देव आमचेच. आडनावंही तीच. परदेश नाही, परभाषा नाही, सीमाबिमा काही नाही. तरी गावच्या नळावर त्या बायका आल्या की आमच्या बायका घागरी पुढं सरकवतात. दुकानदार उधार देत नाही, बरोबर आहे, मार्चात कुठं हुडकणार. शाळेत पोरं नेऊन बसवली तर मास्तर म्हणतात, चार महिन्यांसाठी कशाला. आणि गावात काही चोरीला गेलं की पहिल्यांदा पालावर जातात.

काका, त्यांना गॅलपचे तीन प्रश्न लावून बघा. शेजारी? सोयरीक? आमच्या गावचे गुण मॅसेडोनियाच्या खाली जातील.

मला वाटतं भाषा, धर्म, देश हे सगळं नंतर. आधी माणूस बघतो, पायात काय आहे.

खानापूरकरीण
मंगळवार, सकाळी ८:४०

+१. पायातलं.

काळा_दिवस_५६
मंगळवार, दुपारी ३:१५

एवढं सगळं वाचून हसू आलं. आम्हाला स्थलांतरितांबद्दल प्रवचन? आम्ही कुठून आलो नाही आणि कुठं गेलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत माणसं जागच्या जागी राहिली, सीमा त्यांच्या डोक्यावरून गेली. आपल्याच गावात पाटी वाचता येईना. १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळ्या खाल्लेले लोक कुठल्या देशातून आले होते? आणि जुलै २०२४ चं विधेयक विसरलात? कर्नाटकातल्या खासगी नोकऱ्यांत ‘स्थानिकां’ना आरक्षण. स्थानिक कोण? इथं जन्मलेला, पंधरा वर्षं राहिलेला, आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणारा. मास्तर, हाच तुमचा कोपराचा प्रश्न. आधी आम्हाला आमच्या घरात भाडेकरू समजणं थांबवा, मग काकांच्या खोलीचं बघू.

बैलहोंगल_अण्णा
मंगळवार, दुपारी ४:५०

मी कन्नड. बेळगावात बावीस वर्षं, खडेबाजारात दुकान. मराठी इथंच गिऱ्हाइकांकडून शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

भाऊ, तुमचं दुःख मी नाकारत नाही. ते विधेयक उद्योगवाल्यांनी ओरड केल्यावर दोन दिवसांत थांबलं, ते तुमच्यासाठी थांबलं नाही हेही खरं. पण एक सांगतो. माझा भाऊ बेंगळूरला आहे. तिथं आमची उत्तर कर्नाटकची कन्नड ऐकून लोक हसतात. त्याच राज्याचा, त्याच भाषेचा. खोली बघायला गेला तर विचारलं, ‘मांस खाता का?’ नंतर, ‘उत्तर कर्नाटकचे का? मोठ्यानं बोलता तुम्ही लोक.’

आणि मुंबईत १९६६ नंतर दक्षिणेकडच्यांच्या हॉटेलांवर दगड पडले, त्यात उडपीवालेही होते. दगड मारणारे बेळगावसाठी पण आंदोलन करायचे. मी कुणाला बोल लावत नाही. फक्त आठवलं.

काळा_दिवस_५६
मंगळवार, संध्याकाळी ५:०५

[हा प्रतिसाद नियंत्रकांनी काढला आहे.]

नियंत्रक
मंगळवार, संध्याकाळी ६:३०

दोघांनाही विनंती, धाग्याचा विषय काकांची खोली आहे. सीमाप्रश्नावर स्वतंत्र विभागात चार हजार प्रतिसाद आहेत, तिथं जागा भरपूर. पुढचा वैयक्तिक शेरा आला तर धागा बंद करू.

उद्यमबाग_लेथ
मंगळवार, संध्याकाळी ७:१२

काढलेल्या प्रतिसादात काय होतं हो? (विचारलं नुसतं.)

जर्मन_क्लास
बुधवार, रात्री १०:४०

मी टिळकवाडीत जर्मनचे वर्ग घेते. आधी इंजिनिअर पोरं यायची, आता नर्सिंगच्या मुली. जर्मनीनं २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर केलं. आणि त्याच जर्मनीत आकडेमोड म्हणतात तो पक्ष वाढतोय. मुली विचारतात, ‘मॅडम, त्यांना आम्ही हव्यात की नकोत?’

मी त्यांना तुर्कांचं सांगते. १९६१ मध्ये करार करून कारखान्यांसाठी तुर्कस्तानातून माणसं नेली. नाव दिलं ‘पाहुणे कामगार’. दोन वर्षं काम करतील, जातील, असा हिशोब. पाहुण्यांनी बायका-मुलं आणली. १९७३ ला भरती बंद केली तर उलटं झालं: गेलो तर परत येता येणार नाही म्हणून जे होते ते राहिले. त्यांची तिथंच जन्मलेली मुलं २००० सालच्या कायद्यापर्यंत जन्मानं नागरिक होत नव्हती. चाळीस वर्षं पाहुणे! आपल्याकडं जावई पण एवढा पाहुणा राहत नाही.

मुलींना व्याकरण मी शिकवते. शेजारणीला पहिल्या दिवशी काय म्हणायचं, त्याचा मात्र धडा पुस्तकात नाही. मी सांगते, पायऱ्या झाडायची पाळी तिथं लावलेली असते काही भागात, ती चुकवू नका. निम्मी भांडणं तिथं होतात.

शहापूरकर_काका
बारा दिवसांनी, शनिवार, दुपारी १२:१०

मंडळी, उशीर झाला. सगळे प्रतिसाद वाचले, बायकोलाही वाचून दाखवले (काढलेला सोडून).

खोली दिली. मी दिली म्हणणं बरोबर नाही. तो पोरगा बायकोला आणि मुलीला घेऊन परत विचारायला आला, मी अजून ‘बघतो’ म्हणत होतो. आमच्या सौ.नं मुलीला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी बघितली आणि मला म्हणाली, ‘आधी तिथं फळी ठोका, पोर पडेल.’ झालं. अनामत, भाडं वगैरे मी नंतर बोललो.

गल्लीतल्या तिघांपैकी एक जण माझ्याशी बोलत नाही. दुसरा काल पावतीपुस्तक घेऊन आला, मंडळाची वर्गणी. माझे पाचशे घेतले आणि वर बघून म्हणाला, ‘त्याचे किती लिहू?’ वर गेला, तीनशे घेऊन खाली आला. मराठीत मागितले होते, त्यानं मराठीत दिले.

सगळं गोड आहे असं नाही. गेल्या रविवारी त्याचे गाववाले आले होते, जेवायला. मी गॅलरीतून मोजले. पाच होते. रात्री दहाला गेले की नाही तेही बघितलं. गेले. मोजले हे इथं लिहायची लाज वाटते, पण मोजले.

निपाणीवाल्या भाऊंचा प्रतिसाद वाचल्यावर एक सुचलं ते सांगतो. माझ्या वडिलांचे वडील गडहिंग्लजकडून शहापुरात हातमागावर आले होते. कुणीतरी त्यांना खोली दिली असणार. कुणी, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही.

भाची अजून तळघरातच आहे. बाळूदादा, तुमच्या ओळखीत काही असलं तर मला निरोप टाका.

आणि एक मदत हवी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची म्हणून फॉर्म आणला, तो कन्नडात आहे. पत्त्याच्या रकान्यापर्यंत आलो, पुढं अडलो.

बैलहोंगल_अण्णा
शनिवार, दुपारी १२:५५

काका, दुकानात घेऊन या, भरून देतो. त्याचं आधार कार्ड आणि दोन फोटो आणा. मंगळवारी दुकान बंद असतं, तेवढं सोडून कधीही.

उद्यमबाग_लेथ
शनिवार, दुपारी १:३०

काका, जिन्याला फळी नको, लोखंडी ग्रिल लावा. माझ्याकडं तुकडे पडलेत, माप पाठवा. वेल्डिंगला त्या पोरालाच सांगा, फाउंड्रीतला आहे, येत असेल.

मास्तर_निवृत्त
शनिवार, दुपारी २:१५

कोपराला कन्नडमध्ये काय म्हणतात, ते अण्णांनी अजून सांगितलं नाही.

बैलहोंगल_अण्णा
शनिवार, दुपारी २:२०

मोणकै.